सुया, गोळ्या आणि दीनानाथ

"तुम्ही सुयांच्या गटात की गोळ्यांच्या?"

नारायण पेठेतल्या दवाखान्यात बाकावर शेजारी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं. मंदाकिनीने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"अहो, असं कोणाला विचारतात का?"

"नाही विचारत. पण बहीण आत सुया टोचून अर्धा तास पडलीय, आणि इथलं वर्तमानपत्र परवाचं आहे."

ती हसली. कित्येक महिन्यांनी.

मंदाकिनी एकावन्न वर्षांची, कर्वेनगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. घटस्फोटाला अकरा वर्षं झालेली. पाळी थांबली तशी आधी झोप गेली, मग भूक, मग पुस्तक उघडायची इच्छासुद्धा. या वयातल्या नैराश्यावर चिनी पद्धतीच्या सुया जास्त उपयोगी की नैराश्याच्या गोळ्या, याचा अभ्यास त्या दवाखान्यात चालू होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी झाली. तिला गोळ्या आल्या; बाकावरच्या त्या गृहस्थांच्या, दीनानाथच्या, बहिणीला, श्यामलाला, सुया. दर मंगळवारी प्रश्नावली भरायला जावं लागे. दीनानाथ विधुर होता, बँकेतून लवकर निवृत्त झालेला. पावसात मंदाकिनी स्कूटर काढेपर्यंत तो तिच्यावर छत्री धरून उभा राहायचा, स्वतः भिजत.

सहाव्या आठवड्यात श्यामला म्हणाली, "मला आता सलग झोप लागते." मंदाकिनीला मात्र नुसती मळमळ. तिने कोणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. पुढचे दोन मंगळवार ती गेलीच नाही.

बुधवारी दीनानाथ तिच्या कॉलेजच्या ग्रंथालयात आला.

"सभासद व्हायचंय."

"बाहेरच्यांना मिळत नाही."

"मग नुसता बसतो."

तिचे डोळे भरून आले. "मी गोळ्या सोडल्या… चक्कर येते. सारखं रडू येतं."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"नाही."

"चला, आत्ताच सांगू. मी बाहेर बसतो."

डॉक्टर रागावल्या नाहीत. कमी मात्रेपासून पुन्हा सुरुवात केली, वेळ लागेल म्हणाल्या. लागलाच. महिन्याभराने एका दुपारी तिने एक कादंबरी उघडली आणि संध्याकाळपर्यंत खाली ठेवली नाही.

अभ्यास संपला तेव्हा दोघींनाही बरं वाटत होतं. "पण सरस काय?" श्यामलाने विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "तुम्हा दोघींवरून नाही ठरत. सगळ्या जणींचं मोजून झालं की सांगेन."

बाहेर पडल्यावर श्यामला रिक्षा बघायला पुढे गेली. दीनानाथ थांबला.

"मंदाकिनी… लग्न कराल माझ्याशी?"

"मला हल्ली सगळंच आवडतं हो. हे गोळ्यांमुळे असेल तर?"

"मग त्या बंद झाल्यावर पुन्हा विचारतो."

"डॉक्टर म्हणतात, सहा महिने तरी घ्यायच्या."

"मला दुसरं काम काय आहे?"

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी मात्रा हळूहळू कमी करत शेवटची गोळी थांबवली. एक महिना गेला. झोप टिकली. दीनानाथचा फोन आला की आवाज ऐकून तिला मंगळवारच्या भेटींसारखंच छान वाटायचं. तो मात्र आंब्यांबद्दल बोलायचा, उन्हाबद्दल बोलायचा.

शेवटी तिनेच फोन केला.

"विसरलात वाटतं?"

"छे! घाई केली असं वाटू नये म्हणून…"

"महिना झाला, दीनानाथ. माझं उत्तर तयार आहे. पण विचारायचं तुम्हीच."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला — तो उभा राहिला असावा — आणि त्याने विचारलं.

"हो," मंदाकिनी म्हणाली.