एकेरी की परतीचं?

तो आला होता झेरॉक्स काढायला. एक दार चुकला आणि विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या ऑफिसात येऊन उभा राहिला. चुकलो म्हणायची लाज वाटली असावी, म्हणून काउंटरमागच्या नकाशावर दिसेल त्या शहराचं नाव घेतलं.

“इथून किती लांब?”

“सात हजार किलोमीटर. नऊ तास,” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

“आणि तिकडून इकडे?”

“दहा. येताना वारा समोरून असतो.”

“म्हणजे जाणं सोपं, परतणं अवघड...” तो तिच्याकडे बघून असा हसला, की हातातलं पेन कुठे ठेवावं तेच तिला सुचेना.

मग तो दर शनिवारी यायला लागला. साहेबांनी त्याचं नावच ‘चौकशीवाला’ ठेवलं. तिकीट काही काढायचा नाही, नुसता काउंटरवर रेलून विचारायचा, “काय हो, अंतर कमी झालं का?”

“झालं थोडं,” ती मान खाली घालून म्हणायची. शनिवारी तिची ओढणी जरा बरी असायची, हे साहेब सोडून सगळ्यांना कळलं होतं.

आणि एका शनिवारी तो ओली छत्री घेऊन आला, तेव्हा हसला नाही.

“नोकरी लागली. त्याच शहरात. तुम्हीच डोक्यात भरवलंत, म्हणून अर्ज टाकला होता... गंमत म्हणून.”

तिची बोटं कीबोर्डवर गेली आणि रोज शंभरदा विचारायचा प्रश्न तोंडातून आपोआप निघाला.

“एकेरी की परतीचं?”

तो हळूच म्हणाला, “तुम्ही सांगा.”

परतीचं म्हण, परतीचं म्हण, असं तिचं मन ओरडत होतं. पण शेजारी साहेब बसलेले, समोर गिऱ्हाईक, आणि जीभ मेली सवयीची गुलाम.

“एकेरी... स्वस्त पडेल.”

“बरं,” तो म्हणाला. “मग एकेरीच द्या.”

दारात तो छत्री उघडायला उगाच वेळ लावत राहिला. तिनं हाक मारली नाही. त्या रात्री उशीत तोंड खुपसून तिनं ‘परतीचं’ हा शब्द कितीदा तरी म्हणून पाहिला. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय.

दोन वर्षांनी एक बाई काउंटरशी आल्या. त्याच शहराचं तिकीट हवं होतं.

“भाच्याकडे चाललेय. म्हणाला, मावशी, याच ऑफिसातून काढ. शेजारी झेरॉक्सचं दुकान आहे, दार चुकू नकोस.”

तिचा हात माउसवर थांबला.

“घर घेतलंय त्यानं तिकडे,” मावशी सांगत होत्या. “मी म्हटलं, अरे, तू तर परत येणार होतास ना? तर म्हणतो कसा, येणार होतो गं, पण तिकीटवाल्या बाईंनीच एकेरी दिलं. थट्टेखोर आहे मेला.”

ती हसली. हसावंच लागलं. स्क्रीनवरची अक्षरं मात्र एकमेकांत मिसळायला लागली.

“किती तास लागतात गं?”

“जाताना नऊ. येताना दहा... पण येता येतं, काकू.”

प्रिंटरमधून तिकीट निघालं. मावशींनी चष्मा लावून ते नीट वाचलं.

“परतीचं काढलंस होय? विचारलं नाहीस ते.”

“नाही,” ती म्हणाली. “आता नाही विचारत मी कुणाला.”