आवाज गिळणाऱ्या भिंती

हे मी रचलेले नाही. रचले असते, तर त्यात रंगनाथ जिवंत असता.

सुप्याची औद्योगिक वसाहत. गेला मार्गशीर्ष. रात्रही नव्हती, लख्ख दुपार होती.

आमच्या कारखान्यात उसाच्या भुशावर बुरशी वाढवतात. तिचे पांढरे धागे भुसा घट्ट विणतात. मग तो भट्टीत भाजून फळ्या करतात. भिंतीला लावल्या, की त्या आवाज शोषतात.

पण बुरशीही श्वास घेते. पंखा थांबला, तर वाढीच्या खोलीत माणूस गुदमरतो.

माझ्यासोबत काम करणारा रंगनाथ तसाच गेला. त्या दिवशी ग्राहक कारखाना पाहायला आले होते आणि ओल टिकावी म्हणून पंखा बंद ठेवला होता.

“पिऊन झोपला. दार उघडंच हुतं,” मालक आप्पासाहेब सर्वांना सांगत राहिले.

रंगनाथने दारूला कधी स्पर्शही केला नव्हता.

त्या खोलीत तेव्हा वाढलेल्या फळ्या मालकांनी स्वतःच्याच दालनात बसवल्या. तिथेच रंगनाथची बायको भीमाबाई पाथर्डीहून आली. सोबत मी उभा राहिलो.

“सायेब, बाकी काय नगं. त्यांना दारुडा म्हनू नका.”

“बाई, पिनाऱ्याला काय म्हनायचं मग?” ते माझ्याकडे वळले. “आन् तू? तोंडातनं शब्द फुटत न्हाई, आन् वकील झाला व्हय?”

मी भीमाबाईच्या शेजारून हललो नाही.

आणि मग...

बाहेरच्या टेम्पोंची घरघर थांबली. घड्याळाची टिकटिकही.

भिंतीत कोणीतरी खोकले.

नखांनी लाकूड खरवडल्याचा आवाज...

“सायेब... कडी काढा... दम कोंडतोय...”

भीमाबाईने माझा हात घट्ट धरला. तो आवाज तिच्या ओळखीचा होता.

“सायेब... तुमी भायेरच हायेत ना?”

आप्पासाहेब ताडकन उठले. भिंतीवर खेकसले,

“गप रं! पावनं गेल्याबिगर कडी न्हाई काढनार!”

त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

भीमाबाई रडली नाही. भिंतीजवळ जाऊन हळूच म्हणाली, “ऐकलं वं मी.”

मी पोलिसांत लेखी जबाब दिला आहे. त्या दिवसापासून दार लावून मला झोप येत नाही. अंधारात माझाच श्वास मला परका वाटतो.

अधिकारी हसून विचारतात, “भिंतीतनं आवाज आला कसा?”

मला ठाऊक नाही.

आप्पासाहेबांनी उत्तर कोणाला दिले, ते त्यांना विचारा.