भरून आलेले कान

डुकराच्या हृदयावरची रक्तवाहिनी बुटाच्या नाडीएवढी असते. तिच्यात फुगा घालून फुगवला की ती रुंदावते, पण आतलं अस्तर फाटतं. मग ती फाट बुजवायच्या नादात भिंत इतकी जाडावते की महिन्याभरात वाट पुन्हा अरुंद. भिंतीचं हे अतिउत्साही गवंडीकाम मोजणं हा माझा धंदा. पातळ काप, रंग, सूक्ष्मदर्शक आणि माझी कटकट, असं बारा वर्षं चाललंय.

या खेपेला मात्र मोजणं नुसतं धंद्यापुरतं नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेच्या सरांनी फुग्यावर नवा लेप लावला होता. माझ्या वडिलांची, आप्पांची, रक्तवाहिनी दोनदा फुगवून दोनदा बुजली होती आणि त्यांची छाती उघडायला कुणी सर्जन तयार नव्हता. लेप चालला तर माणसांच्या पहिल्या यादीत आप्पा होते. नाही चालला तर पुढे काही नव्हतं.

पहिल्या डुकराचा काप पाहिला आणि माझा पारा चढला. भिंत कोरी होती. जाडी नाही, फाट नाही, फाटल्याची खूणसुद्धा नाही. फुगा सोसलेली भिंत अशी दिसूच शकत नाही. म्हणजे जनावरांची अदलाबदल झाली होती, आणि हा घोळ मामांचाच असणार.

मामा आमची डुकरं सांभाळतात. डुकराच्या कानाच्या कडेला खाचा कापलेल्या असतात, त्यांच्या जागांवरून नंबर वाचायचा. मी तावातावाने गेले तर मामा उरलेल्या अकरा डुकरांपैकी एकेकाचा कान उलटून दाखवायला लागले.

"ताई, मी तरी काय वाचू? ह्या पाचांचे कान भरून आलेत."

कानाची खाच कडेने सुकते, भरत कधीच नाही. सहा डुकरांच्या खाचा जशाच्या तशा होत्या. पाचांचे कान सलग होते, केसांसकट. फुगा सरकवायला मांडीत घेतलेला छेद मी बोटांनी चाचपला, तोही सापडला नाही. त्या छेदाचे टाके मामांना पेंढ्यात मिळाले होते. त्यांनी ते डबीत ठेवले होते. दोऱ्यांच्या गाठी सुटलेल्या नव्हत्या.

कुणाला लेप आणि कुणाला साधा फुगा, याचा सीलबंद लिफाफा सरांनी उघडला. खाचा शिल्लक असलेले सहाही नंबर साध्या फुग्याचे निघाले. पुढे बाकी पाचांचेही काप पाहिले, सगळे कोरे. बारा वर्षांत असा निकाल मी पाहिला नव्हता. सर अक्षरशः नाचले. मीही नाचले, खोटं कशाला बोलू. जरा दम खाऊन मी कानांचं विचारलं.

"कान हा आपला विषय नाही," सर म्हणाले.

मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. माझ्या डोळ्यांपुढे आप्पा होते.

यथावकाश परवानगी आली आणि आप्पांना लेपाचा फुगा लागला. सहा महिन्यांनी फिल्म काढली. रक्तवाहिनी सताड उघडी. डॉक्टरांनी आप्पांचं वय पुन्हा विचारून घेतलं.

त्या दिवशी घरी परतताना लिफ्ट बंद होती. आप्पा चार मजले चढले. न थांबता, माझ्यापुढे, मला धापा टाकते म्हणून चिडवत. आई दारातच उभी होती.

मला रडू आवरेना. जिंकलो होतो आम्ही.

शर्यत मारल्यासारखे आप्पांनी दोन्ही हात वर केले. शर्ट वर सरकला.

पोट गुळगुळीत होतं. बेंबीच्या जागी सलग कातडी होती.

आईने तिकडे न बघताच त्यांचा शर्ट खाली ओढला आणि मला म्हणाली, "तू हातपाय धुऊन घे."