कमानीवरचा चेहरा

ब्रॅडफर्डात गिरण्यांचा धूर इतका, की नवा दगडसुद्धा लवकरच काळा पडायचा. त्या शहरात अँब्लरसाहेबांनी सभागृह बांधलं. उद्घाटनाच्या आदल्या दुपारी ते शेवटची नजर टाकायला आले. धुक्यामुळे दिवे लागलेले. हवेला ओल्या लोकरीचा वास.

आराखडे खरे त्यांच्या भागीदाराचे, हॉल्डनचे. तो तापानं अंथरुणाला खिळला, तेव्हा साहेबांनी त्याचं नाव खरवडून आपलं घातलं. मरताना हॉल्डन एवढंच म्हणाला, "माझी इमारत माझं तोंड विसरायची नाही, अँब्लर."

तिथल्या पाथरवटांची एक रीत. इमारत ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याचा चेहरा दाराच्या कमानीवर कोरायचा.

"कोरलास का रे मला, सेथ?" साहेबांनी खालून विचारलं.

"तुमचाच फोटो पुढ्यात ठेवला होता हो..." परांचीवरून म्हातारा पाथरवट म्हणाला. "बायको म्हणते, दारू सोड. पण आज थेंबाला शिवलो नाही. वर येऊन बघा."

साहेब चढले. दगडात हॉल्डन होता. गाल बसलेले, ओठ उघडे.

"तासून टाक!"

"मेलेल्याचं तोंड आहे, साहेब... मी नाही."

"भित्र्या! आण इकडे."

साहेबांनीच छिन्नी घेतली. घाव बसले. दगडातून औषधाचा वास आला. त्यांच्या गालांना गार लागत होतं. नाक गेलं, ओठ गेले, दगड सपाट झाला.

"झालं! आता बोल."

सेथनं कंदील वर धरला. मागे सरकला.

"तुम्ही... कोण, साहेब?"

साहेब घरी गेले, तर त्यांच्या बायकोनं दार अर्धंच उघडलं. "साहेब अजून आले नाहीत," म्हणाली, आणि कडी लावली.

दुसऱ्या दिवशी कमानीवरचं कापड ओढलं. हॉल्डन जसाच्या तसा, पांढराशुभ्र.

"अरे, हा तर आपला हॉल्डन!" लोक म्हणाले.

"मी बांधलंय हे! मी अँब्लर!" गर्दीतून कोणी ओरडलं. पोलिसानं हसत त्याला ढकललं. "हो बाबा, आणि मी महाराणी!"

हिवाळाभर तो पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा, "मला ओळखता का हो?" एका सकाळी तिथेच गारठून मेलेला सापडला.

प्रेत धुणाऱ्या बाईनं त्याच्या तोंडावरून फडकं फिरवलं. रक्त नव्हतं. फडक्याला दगडाची पूड लागली, आणि गालांवर छिन्नीच्या बारीक रेघा दिसल्या.

इमारत आता काळी पडली आहे. तो चेहरा तेवढा पांढरा. सेथनं कोरले तेव्हा त्याचे ओठ उघडे होते. आता मिटलेले आहेत.