मी आले की अडखळणारा कीबोर्ड

"तुझा कीबोर्ड मला बघूनच का अडखळतो रे?"

तोंड माझं होतं, पण प्रश्न मैत्रिणींचा. वकीलबाई आणि चिमणी या माझ्या दोन जिवलग मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत पैज लावली होती. विचारलंस तर आठवडाभर तुझ्या प्रयोगवहीतल्या आकृत्या आम्ही काढू, नाही विचारलंस तर वर्षभर तुला भित्री भागूबाई म्हणू. गेल्या वर्षीची मी असते तर मुकाट्याने भागूबाई झाले असते. पण यंदा वक्तृत्व स्पर्धेत सगळ्या शाळेसमोर सात मिनिटं बोलले, पाय न थरथरता, आणि तेव्हापासून मला आरशातली मीसुद्धा जरा उंच दिसते.

म्हणून विचारून टाकलं. दारातच उभी राहून.

दार जिन्याखालच्या खोलीचं. शाळेचा वार्षिक अंक तिथे तयार होतो. एक लोखंडी टेबल, त्यावर जुना संगणक, दोन खुर्च्या आणि भिंतीवर ओल. एका खुर्चीवर बसतो नववी ब मधला संपादक. त्याचं खरं नाव हजेरीपुरतं, बाकी शिपाईकाकासुद्धा त्याला संपादकच म्हणतात. तो टाइप करतो, मी शेजारी बसून चुका काढते. माझ्या हातात लाल पेन असतं आणि त्याच्या कानाच्या पाळ्या... त्या का लाल असतात, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

प्रश्न ऐकून त्याने मान वर केली, खाली घातली आणि अगदी हळू म्हणाला, "तेच मलाही कळत नाहीये."

खरंच कळत नव्हतं. कीबोर्ड बिनतारी, नवाकोरा. एरवी घोड्यासारखा पळायचा. मी येऊन बसले की पाच मिनिटांत अर्धी अक्षरं गिळायचा, नाहीतर एकच अक्षर सहा-सहा वेळा ओकायचा. चिमणीच्या मते हे सरळसरळ प्रेम होतं. वकीलबाईचं म्हणणं, पुरावा आण.

मला पुरावा हवाच होता, आणि तोही त्याच दिवशी. कारण आईबाबांनी सोमवारपासून शाळेनंतरच्या शिकवणीत माझं नाव घालायचं ठरवलं होतं. म्हणजे अंक बंद, खोली बंद. रात्रीच्या जेवणाआधी मी फक्त 'हो' म्हणायचं होतं, आणि 'हो' म्हणणं हा माझा जन्मजात आजार. पण मी शेजारी बसलेली त्याला आवडते की माझ्यामुळे त्याचं काम अडतं, हे न कळता तिथून निघून जायचं? 

तसे आम्ही आठवडाभर झटलोच होतो. सेल बदलले. कीबोर्ड बंद करून चालू केला. त्याचे संकेत पकडणारा तो नखाएवढा रिसीव्हर काढून पुन्हा खोचला, तोही संगणकाच्या मागच्याच बाजूला, कारण पुढच्या जागा कुणीतरी केव्हाच वाकवून ठेवल्यात. दुसऱ्या संगणकावर तोच कीबोर्ड लावून पाहिला, तर तिथे शहाण्यासारखा वागला. शेवटी मी नोंदवही ठेवली. कधी अडला, खोलीत कोण होतं, किती वाजले होते. चिमणी कविता द्यायला आली, कीबोर्ड चालू. चित्रकलेच्या बाई मुखपृष्ठ दाखवायला आल्या, चालू. मी आले, बंद. पुन्हा मी, पुन्हा बंद. शास्त्राच्या दृष्टीने निष्कर्ष एकच निघत होता. बिघाड मीच.

"एक प्रयोग करू," मी म्हणाले. "मी बाहेर जाते आणि परत येते. तू रोज जे करतोस तेच कर. फक्त आज मी दारातून बघत राहीन."

तो कावराबावरा झाला, पण ठीक आहे म्हणाला.

मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेले आणि पावलं वाजवत परत आले. दाराच्या फटीतून पाहिलं. पावलं ऐकताच त्याने आधी केस सारखे केले. (हे वहीत लिहिलं नाही. लक्षात ठेवलं.) मग शेजारच्या खुर्चीवरचं आपलं दप्तर उचललं, खुर्चीची बैठक रुमालाने पुसली आणि दप्तर टेबलाच्या कडेला, संगणकाच्या डब्यामागे टेकवून ठेवलं. दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात ही भलीमोठी स्टीलची बाटली. बरोब्बर रिसीव्हरच्या तोंडासमोर.

मी आत गेले आणि दप्तर उचललं. "आता टाइप कर."

त्याने केलं. एक ओळ, दोन ओळी, सगळा परिच्छेद. मी दप्तर मागे टेकवलं, अक्षरं गळायला लागली. उचललं, पुन्हा सुरळीत. आम्ही दोघं असे हसलो की शिपाईकाका डोकावून गेले.

पण माझं कुतूहल असं अर्ध्यावर थांबणारं नाही. "बाकीचे येतात तेव्हा हे दप्तर कुठे असतं?"

"खुर्चीवरच."

"मग ते बसतात कुठे?"

"उभे राहतात." त्याने कीबोर्डची एक कळ उगाच पुसली. "बाईसुद्धा."

"का पण?"

"ती जागा... धरलेली असते."

आता पुढचा प्रश्न मैत्रिणींनी दिलेला नव्हता, तो माझा मलाच विचारायचा होता. मी त्याचं दप्तर मांडीवर घेतलं, बाटलीसकट, आणि खुर्चीत नीट बसले.

"कोणासाठी — धरलेली असते?"

त्याने कीबोर्ड जवळ ओढला आणि एकेक अक्षर दाबत गेला. पडद्यावर एकच शब्द उमटला.

तुझ्यासाठी.

एकही अक्षर गळलं नव्हतं. मी लाल पेन उघडलं, पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"यात दुरुस्ती नाही," मी म्हणाले.

त्याच्या कानाच्या पाळ्या का लाल होतात, ते मला तेव्हा कळलं. माझ्याही तशाच गरम झाल्या होत्या.

संध्याकाळी घरी आले तर बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. शेजारच्या खुर्चीवर त्यांचं वर्तमानपत्र. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली, बाबांनी न बघताच वर्तमानपत्र उचललं आणि ती बसली. हे रोजच होत असणार. मला मात्र आज दिसलं.

"मग सोमवारपासून ना?" आईने विचारलं.

मी उभ्या उभ्याच सांगितलं, पाय न थरथरता. "आई, बाबा, मी ठरवलंय. अंक छापून येईपर्यंत मी शिकवणीला जाणार नाही, तोवर रोज सकाळी एक तास घरीच गणितं सोडवीन, तुम्ही तपासा. आणि त्या खोलीत एक मुलगा आहे, तो माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवतो. मला तो आवडतो. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मीच सांगायचं, हेही मी ठरवलंय."