शिल्लक वायर

करमाडच्या अलीकडच्या त्या नव्या वसाहतीत टँकर चार दिवसांआड यायचा आणि मोबाइलची रेंज फक्त गच्चीवर मिळायची. चारुताची वाढवून घेतलेली बाळंतपणाची रजा सोमवारी संपत होती. घरून काम करायचं तर इंटरनेट हवं, नाहीतर आठ महिन्यांच्या सावनीला कुणाच्या तरी हवाली करून शहरात क्रांती चौकातलं ऑफिस गाठायचं. म्हणून शनिवारी फायबरवाला राजेंद्र दारात दिसला तेव्हा तिला अर्धं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

"खड्डे नाही खणलेत?" खिडकीतून बघत तिनं विचारलं.

"खाली निव्वळ खडक हाय, ताई. कोपऱ्यात फरशी टाकून बंद केलेली विहीर हाय ना, तिची जुनी पाइपलाइन बिल्डिंगपर्यंत आलीय. कोरडी ठणठणीत. त्यातनंच ओढली वायर."

आठ मीटर वायर त्यानं जास्तीची ठेवली. पुढंमागं तुटली तर कामाला येते म्हणाला, आणि वेटोळी करून पाळण्याशेजारच्या खिळ्याला टांगली; टोक राउटरमध्ये खोचलं. वायरवर मीटरमीटरला, टोकाकडं वाढत जाणारे आकडे छापलेले होते. भिंतीतल्या भोकापाशी ४१२ होता.

सोमवारी काम सुरू झालं. नेट छान चाललं.

मंगळवारी भोकापाशी ४१३ दिसला. चारुतानं स्वतःलाच दोष दिला. महिनोन् महिने धड झोप नाही, माणूस काहीही वाचतं. बुधवारी ४१४. गुरुवारी खिळ्यावरचं एक वेटोळं सुटून सरळ झालेलं बघितल्यावर तिनं राजेंद्रला बोलावलं.

त्यानं रस्त्यावरच्या खांबापर्यंत सगळी लाइन तपासली.

"बाहेर कुठंच ताण नाय. खांबावर जशीच्या तशी हाय." त्यानं मान पुसली. "उंदीर आसंल, ताई. म्हणाल तर काढतो, दुसरीकडनं टाकतो. पण आठ दिवस नेट बंद."

आठ दिवस. चारुतानं पाळण्याकडं बघितलं.

"राहू द्या, दादा. चालतंय ना."

"चालतंय तर लई भारी," तो म्हणाला. पण जाताना विहिरीच्या बाजूनं न जाता लांबून गेला.

शुक्रवारी दुपारी, ऐन मीटिंगमध्ये, सावनी खळखळून हसायला लागली.

चारुतानं वळून पाहिलं. पोरीनं पाळण्याबाहेर हात काढून वायर धरली होती. ती ओढायची. थांबायची. मग वायर हळूच भोकाकडं सरकायची. पुन्हा सावनी. पलीकडून कुणीतरी लहान मुलाच्या बेतानंच जोर लावत होतं.

चारुता उठली. सावनीची मूठ सोडवली.

तळहात गार होता. ओला. घरातले हंडे सकाळपासून कोरडे पडले होते.

चाकांचा पाळणा तिनं समोरच्या भिंतीपर्यंत ढकलत नेला. कात्री काढली.

"चारुता, ऐकू येतंय ना?" लॅपटॉपमधून साहेबांनी विचारलं.

"हो, सर."

कात्री मांडीवर ठेवून ती खुर्चीत बसली.

थोड्या वेळानं सावनी दमून झोपली.

वायर दोनदा हलली. थांबली. मग आणखी एकदा, जरा जोरात.