कॅनरीजचा शेवटचा सामना

फोन आला तेव्हा डिटेक्टिव्ह काझिमिर दुल्का दाढी करत होता. स्क्रँटन कॅनरीज या बेसबॉल टीमचं लाकडी स्टेडियम रात्रीत जळून खाक झालं होतं.

तो पोचेपर्यंत मैदानाची निगा राखणाऱ्या म्हाताऱ्या प्रॉथरोला शिपायाने बेड्याही घातल्या होत्या. रॉकेलचा डबा त्याच्या खोपटातला, मातीत ज्यांचे ठसे उमटले ते गमबूटही त्याचेच, तिथलेच.

"खोपटाला कुलूप?" दुल्काने विचारलं.

"कधीच नसतं."

"रात्री कुठे होतात?"

"घरी. एकटाच. न्या मला आत. टीम विकली गेली, आज शेवटचा सामना होता. उद्यापासून मला काय काम?"

"या वयात तुरुंगात गेलात तर तिथेच मराल, कळतंय का?"

शिपाई त्याला घेऊन निघाला. मैदानाच्या कडेची चुन्याची रेघ आली तशी प्रॉथरोने उजवा पाय पलीकडे टाकला.

दुल्का गमबुटांच्या ठशांवर वाकला. ठसे सरळ आले होते. रेघेजवळ पावलं एकदम आखूड झालेली, मग डावा पाय रेघेपलीकडे. परतीच्या ठशांतही तेच. रेघ शाबूत.

एवढ्यात टीमचा मालक ग्रीव्ह रेघ तुडवत तरातरा आला. "मी कशाला जाळीन? विमा केव्हाच संपलाय. लाकूड विकणार होतो, तेही बुडालं."

त्याच्यामागून ऑगी मार्झिक आला. आता टीमचा प्रशिक्षक, पण एके काळचा नामी गोलंदाज. त्याचा खेळ बघायला दुल्काने कितीदा शाळा बुडवली होती.

"वाईट झालं रे काझिक," बोलता बोलता रेघेपाशी ऑगीने पाऊल आखूड केलं आणि डावा पाय पलीकडे टाकला.

दुल्काने पुन्हा ठशांकडे पाहिलं.

"ऑगी, गमबूट तू घातले होतेस."

"काहीतरीच काय बोलतोस?"

"प्रॉथरो उजवा पाय टाकतो. ग्रीव्हसाहेब रेघ तुडवत येतात. रेघेवर पाय पडला की अपशकुन, आणि आधी डावाच पलीकडे, हे तू जन्मभर पाळलंस. काल आग लावायला जातानाही पाळलंस. आत्ताही."

ऑगीने पायांकडे पाहिलं.

"बूट दिसले, घातले. म्हाताऱ्यावर येईल हे डोक्यातच आलं नाही. सकाळी त्याच्या हातात बेड्या बघितल्या, पण तोंड उघडायचा धीर झाला नाही."

"पण का, ऑगी?"

"तिकीटखिडकीवर विचार, आज किती तिकिटं खपली होती. सगळे घरी टीव्हीपुढे. रिकाम्या बाकांना टोपी काढून निरोप देऊ? काल आग लागली तेव्हा अख्खा गाव धावत आला. बायका रडत होत्या. अशी गर्दी आमच्या नशिबी पुन्हा आली नसती."

प्रॉथरोच्या बेड्या काढून दुल्काने त्या ऑगीला घातल्या. म्हातारा मनगट चोळत तिथेच उभा राहिला. त्याला आता जायला मैदानच उरलं नव्हतं.

"काझिक," ऑगीने हळूच विचारलं, "तू काढलं होतंस का रे आजचं तिकीट?"

"नाही," दुल्का म्हणाला.